व्हॅम्पायर मालिकेच्या भागावरील चाहत्यांच्या प्रतिक्रिया

व्हॅम्पायरपटाच्या वळणाच्या दूरचित्रवाणी मालिकेचा एखादा भाग संपल्यावर चाहते जे बोलतात, टिपून ठेवतात किंवा एकमेकांना पाठवतात, त्याला भागाची प्रतिक्रिया म्हणतात. समीक्षा आणि प्रतिक्रिया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समीक्षा लिहिणाऱ्याला पुढचे माहीत असले तरी चालते. प्रतिक्रिया मात्र त्या क्षणी जेवढे माहीत होते तेवढ्यावरच उभी असते. पुढचा भाग पाहिला की ते अज्ञान कायमचे गेले. मग कितीही प्रामाणिकपणे लिहिले तरी ‘मला तेव्हाच वाटलं होतं’ हे आत शिरतेच. म्हणून जाणते चाहते पहिली टिपणे तारीख घालून ठेवतात आणि नंतर त्यांना हात लावत नाहीत. या नोंदीतील उदाहरणे मुख्यतः ‘द व्हॅम्पायर डायरीज’ (२००९–२०१७, ८ सीझन, १७१ भाग) या अमेरिकी मालिकेतली आणि नाशिकच्या मराठी प्रेक्षकाच्या सोयीने घेतली आहेत.

पूर्वपीठिका

दूरचित्रवाणीवर व्हॅम्पायर रुजला तो दुपारच्या मालिकेतून. ‘डार्क शॅडोज’ ही अमेरिकेतली सोमवार ते शुक्रवार चालणारी मालिका १९६६ ते १९७१ अशी चालली आणि तिचे १,२२५ भाग झाले. बार्नबस कॉलिन्स हा व्हॅम्पायर तिच्यात १९६७ साली आला. पुढे ‘बफी’ (१९९७–२००३) आणि ‘ट्रू ब्लड’ (२००८–२०१४) या मालिकांनी आठवड्याला एक भाग आणि मधले सहा दिवस चर्चा अशी सवय लावली. हिंदीत स्टार वनवर २०१०–११ मध्ये ‘प्यार की ये एक कहानी’ ही दैनंदिन व्हॅम्पायर मालिका होती. दैनंदिन मालिकेत चाहत्याच्या हातात एकच दिवस असतो, त्यामुळे प्रतिक्रिया ‘उद्या काय’ याच प्रश्नाभोवती फिरते. साप्ताहिक मालिकेत तोच भाग दोनदा पाहायला सवड मिळते. एका बैठकीत सगळा सीझन संपवणाऱ्याकडे तर प्रतिक्रियेला जागाच उरत नाही, कारण शेवटची पाटी वर सरकायच्या आत पुढचा भाग सुरू होतो. ती आपोआप पुढे जाण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करणे हे पहिले काम.

वेळेचा हिशेब

‘द व्हॅम्पायर डायरीज’ बहुतेक काळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गुरुवारी रात्री ८ वाजता लागत असे. नाशिकच्या घड्याळात तेव्हा शुक्रवार उजाडलेला असतो: अमेरिकेत उन्हाळी वेळ चालू असेल तर पहाटे ५.३०, नसेल तर ६.३०. उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. सप्टेंबरला सुरू होऊन मेमध्ये संपणाऱ्या सीझनमध्ये हा एक तासाचा फरक दोनदा पडतो आणि गोंधळ नेमका त्याच आठवड्यांत होतो. पश्चिम किनाऱ्यावर तोच भाग तीन तास उशिरा, म्हणजे आपल्या सकाळी ८.३० किंवा ९.३० ला. दोन्ही किनाऱ्यांचे लोक असलेल्या गटात त्याआधी शेवट सांगणे म्हणजे सस्पेन्स फोडणे. जुन्या प्रतिक्रियांच्या तारखाही यामुळेच जुळत नाहीत. अमेरिकेतली १० मे आणि नाशिकची ११ मे हा एकच प्रसंग असतो.

आज भाग जो तो आपल्या सवडीने पाहतो, तरी सकाळचा धोका टळलेला नाही. नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणारा चाहता कसारा घाटातल्या बोगद्यांत शिरला की त्याचे नेटवर्क तुटते. ‘पुढे स्पॉयलर आहे’ हा इशारा एका संदेशात आणि मजकूर दुसऱ्यात पाठवला, तर इशारा अडकून मजकूर आधी पोचू शकतो. इशारा, भागाचा क्रमांक आणि मजकूर एकाच संदेशात असावेत. मध्ये दहा-बारा रिकाम्या ओळी सोडाव्यात, म्हणजे सूचनेच्या पट्टीत पहिली ओळच दिसते. स्पॉयलर चित्रात असेल तर वरचा इशारा काहीच उपयोगाचा नाही.

मराठी शब्दांची अडचण

व्हॅम्पायरला मराठीत काय म्हणायचे, यावर बऱ्याच प्रतिक्रिया अडखळतात. ‘वेताळ’ हा शब्द जवळचा वाटतो, कारण रिचर्ड बर्टन यांनी वेताळकथांचे इंग्रजी रूपांतर १८७० मध्ये प्रसिद्ध केले तेव्हा शीर्षकात व्हॅम्पायर हाच शब्द घातला होता. पण आपला वेताळ प्रेतात शिरून गोष्ट सांगतो, कोडे घालतो. गावाबाहेर शेंदूर लावलेल्या दगडाच्या रूपात तो भुतांचा राजा म्हणून राखणही करतो. हडळीचे पाय उलटे, मुंजा पिंपळावर. यातले कोणी कॉलेजात नाव घालून वर्गात बसत नाही. मराठी भूत लागते, झपाटते, उतरवता येते. व्हॅम्पायरला स्वतःचे शरीर असते, नाव-गाव असते आणि त्याला उतरवायला दुसरे कोणी झाड नसते. पंचवटीमुळे नाशिककराला शूर्पणखा चटकन आठवते, आणि कॅथरीन या व्हॅम्पायर स्त्रीने नायिका एलेना असल्याचे भासवून डेमन या व्हॅम्पायरला फसवले की ती तुलना होतेच. ती फार ताणू नये. शूर्पणखा राक्षसी आहे, मायेने रूप पालटणारी आणि जिवंत. कॅथरीन मेलेली आहे आणि तिचा चेहरा मुळातच एलेनासारखा आहे. ‘व्हॅम्पायर’ हाच शब्द ठेवणे सर्वांत बरे. ‘रक्तपिपासू’ बातमीच्या मथळ्यासारखे वाटते.

डोळ्यांत पाहून दुसऱ्याकडून काहीही करवून घेण्याच्या शक्तीसाठी ‘भुरळ घालणे’ हा शब्द नेमका बसतो. ‘संमोहन’ म्हटले की रंगमंचावरचे प्रयोग आठवतात, ‘वशीकरण’ म्हटले की मंत्र आणि ताईत. भुरळ घालून आठवण पुसली असेल तर ते वेगळे सांगावे, कारण मालिकेत या पुसलेल्या आठवणींना पुढे मोठे काम आहे. दुसऱ्या सीझनच्या ‘रोझ’ या भागात डेमन एलेनाला प्रेम असल्याचे सांगतो आणि लगेच ते विसरायला लावतो. तिच्या लेखी ते घडलेच नाही. चौथ्या सीझनच्या सुरुवातीला मात्र पुसलेले सगळे तिला आठवते. ‘एलेनाने डेमनला झिडकारलं’ अशी प्रतिक्रिया त्या भागावर देणारा प्रेक्षकाला काय माहीत आहे आणि पात्राला काय माहीत आहे, यांची गल्लत करत असतो.

नियमांची तपासणी

या मालिकांवरच्या चांगल्या प्रतिक्रियेत नियमांची तपासणी हवीच, आणि ती त्याच मालिकेच्या नियमांनी. इथे सर्वांत जास्त चुका होतात. ‘द व्हॅम्पायर डायरीज’मध्ये लसूण, क्रूस आणि आरसा यांचा काही परिणाम होत नाही, व्हर्वेन ही वनस्पती मात्र व्हॅम्पायरला बाधते. लाजवर्दाच्या खड्याची मंतरलेली अंगठी बोटात असेल तर व्हॅम्पायर भर दुपारी फिरतो. सराफ बाजारातून शनीसाठी नीलम घेणाऱ्या घरात वाढलेल्याला हे समजवावे लागत नाही. ‘ट्रू ब्लड’मध्ये अशी अंगठी नाही, तिथे ऊन लागले की कातडी पेटते. ‘बफी’तल्या व्हॅम्पायरचे आरशात प्रतिबिंब पडत नाही. एका मालिकेचा नियम दुसरीला लावून ‘लेखक चुकले’ म्हणणे ही नवख्याची ठळक खूण.

उंबरठ्याचा नियम जरा थांबून पाहावा. बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला माणसाच्या घरात पाऊल टाकता येत नाही. ‘ट्रू ब्लड’मध्ये दिलेले आमंत्रण परत घेता येते, ‘द व्हॅम्पायर डायरीज’मध्ये ‘आता बाहेर हो’ म्हणून भागत नाही. पहिल्या सीझनच्या तिसऱ्या भागात एलेनाची मैत्रीण कॅरोलाइन डेमनला घेऊन एलेनाच्या दारात येते. डेमनचा भाऊ आणि एलेनाचा प्रियकर स्टेफन त्याला आत येऊ देऊ नये म्हणून धडपडतो आणि एलेना सहजपणे त्याला आत यायला सांगते. मराठी प्रेक्षकाचा जीव या प्रसंगात जास्त टांगणीला लागतो. आपल्याकडे बेल वाजली की कोण आहे हे दिसायच्या आधी स्वयंपाकघरातून ‘या ना, आत या’ येते, आणि दारात ताटकळत ठेवणे हा पाहुण्याचा अपमान. एलेना जे करते ते आपल्या घरची कुठलीही मुलगी करील. ही जाणीव प्रतिक्रियेत आली की ती इथली होते, आणि प्रसंगाला धक्काही लागत नाही.

एक भाग जवळून: ‘द डिपार्टेड’

तिसऱ्या सीझनचा हा २२ वा आणि शेवटचा भाग १० मे २०१२ रोजी प्रक्षेपित झाला. प्रतिक्रिया कशी बांधतात हे शिकायला याहून चांगला भाग नाही, कारण त्यात तीन धागे एकाच वेळी सुटतात. एलेना फोनवर डेमनला सांगते की ती स्टेफनकडे परत चालली आहे. तिचा मित्र मॅट तिला गाडीतून घेऊन येत असताना विकरी पुलावर रिबेका ही व्हॅम्पायर वाटेत उभी दिसते आणि गाडी नदीत जाते. स्टेफन पाण्यात उतरतो, पण एलेना खुणेने सांगते, आधी मॅटला काढ. याच पुलाखाली, अशाच अपघातात तिचे आईवडील गेले होते. तेव्हा तिच्या वडिलांनीही स्टेफनला आधी मुलीला वाचवायची खूण केली होती. तिकडे डेमनचा एकेकाळचा मित्र अॅलरिक डेमनला मारत असतो. अॅलरिकचा जीव एलेनाच्या आयुष्याला बांधलेला आहे. तो कोसळतो, आणि डेमनला एलेनाच्या मरणाची बातमी मिळते ती त्या कोसळण्यातूनच, कोणी तोंडाने न सांगता. मग इस्पितळात डॉक्टर मेरेडिथ कबूल करते की एलेनाच्या डोक्याची दुखापत सांगितली त्याहून गंभीर होती आणि आपण तिला मदत केली होती. मदत म्हणजे व्हॅम्पायरचे रक्त. ते अंगात असताना मरण आले की माणूस रूपांतराच्या वाटेवर जागा होतो. एलेना डोळे उघडते आणि सीझन संपतो.

डॉक्टरचा संवाद क्षणभराचा आहे. रडण्याच्या भरात तो निसटला की ‘मेलेली कशी उठली?’ हा प्रश्न उरतो. या भागानंतर डेलेना (डेमन-एलेना) आणि स्टेलेना (स्टेफन-एलेना) अशा दोन्ही जोड्यांचे चाहते पेटून उठतात, कारण शेवटाकडची पूर्वकथा दाखवते की एलेनाला आधी भेटला होता तो डेमन, आणि त्यानेच ती भेट तिला विसरायला लावली होती. मूळ कादंबऱ्या वाचलेल्यांना पूल दिसताच अंदाज येऊ शकतो. तिथेही एलेना विकरी पुलावरच बुडते. अशा वाचकाने आपले टिपण स्वतंत्र ठेवावे.

याच प्रसंगावर ‘रडवलंस रे डेमन, काय हे!!’ एवढेच लिहिले तर वर्षभराने वाचताना कळत नाही की रडू फोनमुळे आले की अॅलरिकमुळे. त्याऐवजी: ‘अॅलरिक खाली पडला तेव्हा आधी बरं वाटलं, डेमन सुटला म्हणून. डेमनचा चेहरा पाहिल्यावर कळलं की हा का पडला.’ दोनच वाक्ये, पण समज बदलली तो क्षण त्यात पकडला आहे. नदीच्या दृश्यावर नाशिककर ‘दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं असतं’ असे लिहितो तेव्हा गोदावरीचा पूर याच मारुतीवरून मोजणाऱ्यांना खोली लगेच कळते. बाहेरच्या वाचकासाठी मात्र सोबत साधा शब्दही द्यावा.

टिपण करण्याची रीत

पहिल्या पाहण्यात भाग थांबवू नये. कागदावर नुसते दोन-तीन शब्द: ‘पूल’, ‘खूण’, ‘डॉक्टर खोटं?’. फोनवर टिपू नये. त्याच फोनवर इतरांचे संदेश येत असतात. भाग संपल्यावर पंधरा मिनिटांच्या आत त्या शब्दांची वाक्ये करावीत, दुसऱ्या कोणाचे काहीही न वाचता. एकाची प्रतिक्रिया वाचली की आपलीही त्याच वळणाला जाते, आणि हे होताना कळत नाही. दुसरे पाहणे दुसऱ्या दिवशी, थांबवत थांबवत. त्यातले टिपण वेगळ्या रंगात.

मिनिट-सेकंद लिहिण्यावर फार विसंबू नये. जाहिराती वगळता असा भाग साधारण ४२ मिनिटांचा असतो, पण सेकंदाला २४ चौकटींचे चित्रण २५ च्या वेगाने चालवले गेले तर तोच भाग सुमारे ४० मिनिटे २० सेकंदांत संपतो. एका प्रतीत ३० व्या मिनिटाला असलेला संवाद दुसरीत १ मिनिट १२ सेकंद आधी येतो. काही प्रतींत सुरुवातीचा ‘आधी काय घडले’ हा तुकडाही नसतो. म्हणून वेळेसोबत दृश्याची ओळख आणि संवादाचे पहिले दोन-तीन शब्द द्यावेत. भागाच्या नावापेक्षा ‘सीझन ३, भाग २२’ हा क्रमांक शोधायला सोपा.

गटाने पाहणे

सहा-सात जणांहून मोठा गट जमला की संवाद बुडतात. कॉलेज रोडवरच्या कॉट-बेसिसच्या खोलीत लॅपटॉपवर पाहताना चारच बरे. दोन स्पीकर नसले तरी चालेल, पण पंखा एकने खाली करावा. कुजबुजीचे संवाद या मालिकांत फार असतात आणि मे महिन्यात पंखा पाचवर असतो. सबटायटल लावायची की नाही हे आधी ठरवावे. ती संवादाच्या अर्धा सेकंद आधी उमटली तर धक्का फुटतो. प्लेअरमध्ये सबटायटल मागे-पुढे करण्याची सोय असते, पहिल्या दोन मिनिटांत ती जुळवून घ्यावी. आधी पाहिलेला एकजण गटात असेल तर त्याने मागे बसावे, कारण इतर जण पडद्याऐवजी त्याच्या चेहऱ्याकडे पाहू लागतात. भाग संपला की तीन-चार मिनिटे कोणी बोलू नये, प्रत्येकाने आपली एक ओळ लिहून कागद उलटा ठेवावा आणि मग दिवा लावावा. वाचायला सुरुवात सर्वांत कमी बोलणाऱ्यापासून करावी. मोठ्या आवाजाचा आधी बोलला की बाकीचे आपली ओळ तोंडी बदलतात, आणि कागदावर काही वेगळेच लिहिलेले असते.