चिनी मजकुरातला राग-लोभ संगणकाला कसा कळतो?

चिनी लिहिताना दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. त्यामुळे हॉटेलबद्दल लिहिलेल्या अभिप्रायावरून गिऱ्हाईक खूश आहे की नाराज, हे संगणकाने ओळखायचं तर आधी शब्द कुठे संपतो ते ठरवावं लागतं. 'बू हाओ' म्हणजे वाईट; पण 'बू हाओ यीस' हा अख्खा शब्द 'माफ करा' अशा अर्थाने सर्रास वापरतात. तोडणी चुकली की नम्र गिऱ्हाईक तक्रारखोर ठरतं.

शब्द सुटे झाले की भावकोश कामाला येतो. ही शब्दांची यादी. प्रत्येक शब्दापुढे त्याचा कल, चांगला की वाईट. चीनमधल्या दालियान तंत्रज्ञान विद्यापीठाचा कोश आणखी खोलात जातो: ७ मुख्य भावना, त्यांचे २१ उपप्रकार, आणि तीव्रतेसाठी १, ३, ५, ७, ९ अशा पायऱ्या. 'ज्याओ आओ' या शब्दात अभिमानही आहे आणि गर्वही. अशा दुतोंडी शब्दांसाठी त्यात वेगळी खूण आहे.

राष्ट्रीय तैवान विद्यापीठातल्या संशोधकांनी इंग्रजी भावकोशातले शब्द चिनीत आणले, आधीच्या चिनी याद्या जोडल्या आणि समानार्थी शब्दांच्या कोशातून भर घातली. तरीही नवे शब्द येतच राहतात. त्यावरचा त्यांचा तोडगा मला फार आवडतो, कारण तो चिनी लिपीच्या स्वभावातूनच आला आहे. बहुतेक अक्षरांना स्वतःचा अर्थ असतो. मग एखादं अक्षर चांगल्या शब्दांत किती वेळा येतं आणि वाईट शब्दांत किती, हे मोजून त्याला गुण द्यायचे. अनोळखी शब्दाचे गुण म्हणजे त्याच्या अक्षरांच्या गुणांची सरासरी. 'हाय' हे अक्षर इजा, धोका, आपत्ती या अर्थांच्या शब्दांत येतं, म्हणून ते उणे. पण 'हायश्यू' म्हणजे लाजणं! तिथे माणसालाच हात घालावा लागतो.

शब्दांचा क्रमही सांभाळावा लागतो. 'हन बू हाओ' म्हणजे फार वाईट, 'बू हन हाओ' म्हणजे फारसं चांगलं नाही. अक्षरं तीच तीन, नाराजी मात्र कमी-जास्त. म्हणून नकार आणि तीव्रता दाखवणाऱ्या शब्दांचे नियम वेगळे लिहितात.

विषय बदलला की गुणही बदलतात. 'काओ' म्हणजे उंच, जास्त: दर्जा 'काओ' असेल तर कौतुक, किंमत 'काओ' असेल तर कुरकुर. त्यामुळे जोडीने येणाऱ्या शब्दांची नोंदही कोशात हवीच. एवढी मेहनत घेण्यासारखी आहे, कारण निकाल चुकला तर कोश उघडून नेमका कोणता शब्द नडला ते दाखवता येतं आणि तेवढीच नोंद दुरुस्त करता येते.