एक्झिमाच्या बिनस्टेरॉइड मलमावर कॅन्सरची वॉर्निंग कुठून आली, त्याची पार्श्वभूमी

स्किनच्या डॉक्टरांनी इसबासाठी, म्हणजे एक्झिमासाठी, चिठ्ठीवर टॅक्रोलिमस हे बिनस्टेरॉइड मलम लिहून दिलं, मेडिकलमधून ट्यूब आणली, रात्री सहज नेटवर नाव टाकून बघितलं आणि पहिल्याच पानावर लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर), स्किन कॅन्सर असे शब्द दिसले की बऱ्याच आया ती ट्यूब न उघडताच कपाटात ठेवून देतात. मग पोराच्या मानेवरचे, कोपराच्या आतले चट्टे पुन्हा लाल झाले की आधीचीच स्टेरॉइडची ट्यूब बाहेर निघते, कारण तिची भीती कुणी घातलेली नसते. माझ्या मते हे बरोबर उलटं चाललंय, आणि ते का हे समजायला या मलमाचा इतिहास माहीत असावा लागतो, कारण त्या वॉर्निंगचं मूळ त्वचेत नाहीच, ते अवयव बदलण्याच्या ऑपरेशनमध्ये आहे.

थोडं मागून सुरू करू. १९५० च्या आधी इसबाला डांबराची मलमं, झिंक, ओल्या पट्ट्या एवढंच होतं, वास मारायचा, कपडे खराब व्हायचे आणि खाज काही पूर्ण जायची नाही. १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकला संधिवातावर कॉर्टिझोन हे स्टेरॉइड वापरून बघितलं गेलं आणि त्या कामाला दोनच वर्षांत नोबेल मिळालं, म्हणजे केवढी खळबळ असेल बघा. त्वचेवर लावायला कॉर्टिझोन चाललं नाही, पण १९५२ मध्ये मॅरियन सल्झबर्गर आणि व्हिक्टर विटन यांनी हायड्रोकॉर्टिझोनचं मलम इसबावर काम करतं हे दाखवलं. हाच सल्झबर्गर, ज्याने १९३३ मध्ये फ्रेड वाइजबरोबर या इसबाला एटॉपिक डर्मटायटिस हे नाव रूढ केलं होतं. त्यानंतर प्रत्येक दशकात आधीपेक्षा जोरदार स्टेरॉइड येत गेलं, बीटामेथासोन आलं, क्लोबेटासोल आलं, आणि त्याबरोबरच जोरदार स्टेरॉइड महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, रेघा उठतात, बारीक शिरा दिसायला लागतात हेही कळत गेलं. चेहरा, पापण्या, काखा, जांघा, जिथे कातडी मुळातच नाजूक, तिथे हा त्रास सगळ्यात लवकर. आणि लहान मुलांना इसब नेमकं गालावर आणि मानेवर येतं. हात-पायांवर ठरलेले दिवस लावलेलं योग्य ताकदीचं स्टेरॉइड आजही पहिलं आणि चांगलं औषध आहे, ते वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण डोळ्याभोवती वर्षानुवर्षं काय लावायचं या प्रश्नाला कित्येक दशकं धड उत्तर नव्हतं.

उत्तर आलं ते जपानमधून. टोकियोच्या उत्तरेला त्सुकुबा नावाचा डोंगर आहे, तिथल्या मातीच्या नमुन्यातल्या एका जिवाणूपासून फुजिसावा या औषध कंपनीच्या संशोधकांना १९८४ मध्ये एक रसायन मिळालं, जिवाणूचं नाव पडलं स्ट्रेप्टोमायसिस त्सुकुबाएन्सिस आणि रसायनाला नंबर दिला एफके-५०६, हेच आपलं टॅक्रोलिमस. हे रसायन टी-पेशींच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींच्या, आतल्या कॅल्सिन्युरिन नावाच्या एन्झाइमला अडवतं, त्यामुळे पेशीला हल्ला करा हा निरोपच पुढे जात नाही. दुसऱ्याची किडनी किंवा लिव्हर शरीराने नाकारू नये म्हणून नेमकं हेच हवं असतं. १९८९ मध्ये पिट्सबर्गला थॉमस स्टार्झल यांनी ते लिव्हर बदललेल्या पेशंटना दिलं, आणि १९९४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, त्याला मान्यता दिली. ट्रान्सप्लांटच्या पेशंटला हे औषध वर्षानुवर्षं, तोंडावाटे, पूर्ण शरीराची प्रतिकारशक्ती खाली ठेवेल एवढ्या डोसमध्ये घ्यावं लागतं, आणि अशा पेशंटमध्ये लिम्फोमा आणि स्किन कॅन्सर जास्त होतात हे खरं आहे, त्याबद्दल वाद नाही. पुढची सगळी गोष्ट या वाक्यावर उभी आहे म्हणून ते लक्षात ठेवा.

आता त्वचेकडे. याच प्रकारचं आधीचं औषध सायक्लोस्पोरिन, त्याच्या गोळ्या गंभीर इसबात चालतात, पण मलम करून बघितलं तर काही होईना, कारण रेणू मोठा, सुमारे १२०० डाल्टन (रेणूचं वजन मोजायचं एकक), कातडीतून आत शिरतच नाही. टॅक्रोलिमस साधारण ८०० डाल्टनचं, म्हणजे अगदी काठावरचं. चांगल्या धडधाकट कातडीतून तेही फारसं जात नाही, पण इसबाने फाटलेल्या, सुजलेल्या कातडीतून जातं, आणि कातडी जसजशी भरत येते तसतसं आत जाणं आपोआप कमी होतं. मला या औषधाबद्दलची सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. शिवाय ते कोलॅजन बनण्यात ढवळाढवळ करत नाही, त्यामुळे कातडी पातळ होत नाही आणि पापणीवरसुद्धा लावता येतं. १९९४ मध्ये जपानी डॉक्टरांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हे मलम इसबावर चालतं असं छापलं, १९९९ मध्ये जपानात आणि डिसेंबर २००० मध्ये अमेरिकेत ते मंजूर झालं, २ ते १५ वर्षांच्या मुलांना ०.०३ टक्के आणि मोठ्यांना ०.१ टक्का. वर्षभराने, डिसेंबर २००१ मध्ये, त्याच गटातल्या पिमेक्रोलिमसचं १ टक्का क्रीम आलं, ते जरा सौम्य.

मग झालं असं की ही मलमं प्रचंड चालली. अमेरिकेत औषधांच्या जाहिराती थेट लोकांना दाखवता येतात, त्यामुळे स्टेरॉइड नाही म्हणजे एकदम सेफ असा समज पसरला आणि मंजुरी नसताना २ वर्षांखालच्या बाळांनाही ती सर्रास लिहून दिली जायला लागली. एफडीएला खटकलं ते हे. त्यातच माकडांना तोंडावाटे खूप मोठे डोस दिले तेव्हा लिम्फोमा दिसला होता, आणि मलम वापरणाऱ्यांतल्या कॅन्सरच्या काही तुरळक केसेस कळवल्या गेल्या होत्या. फेब्रुवारी २००५ मध्ये तज्ज्ञांच्या समितीची बैठक झाली, मार्चमध्ये जाहीर सूचना निघाली आणि जानेवारी २००६ मध्ये दोन्ही औषधांच्या लेबलवर काळ्या चौकटीतली वॉर्निंग आली. त्या चौकटीतच लिहिलं होतं की मलमामुळेच कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. पण चौकटीतलं पुढचं वाक्य कोण वाचतं, कॅन्सर शब्द दिसला की विषय संपला. स्किनच्या डॉक्टरांच्या संघटनांनी तेव्हाच विरोध केला होता की गोळीचा धोका मलमाला चिकटवताय, मलमातून रक्तात बहुतेकांच्या अगदी नगण्य औषध पोचतं.

यात काळजी करणं चूक होतं असं मला वाटत नाही. मुलांना वर्षानुवर्षं लावायचं औषध, तर लांबपर्यंत बघायलाच पाहिजे होतं, आणि बघितलं गेलं. टॅक्रोलिमस वापरलेल्या जवळपास ८,००० मुलांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं गेलं, त्याचा निकाल २०२० मध्ये आला. एवढ्या मुलांत त्या काळात एरवीही सुमारे ६ कॅन्सर होतील असा अंदाज होता आणि झाले ६, त्यात लिम्फोमा एकही नाही. पिमेक्रोलिमसवरच्या ७,४५७ मुलांचा अभ्यास २०१५ मध्ये छापून आला, त्यातही अपेक्षेपेक्षा ठोस वाढ दिसली नाही. जुन्या नोंदी चाळून केलेल्या काही अभ्यासांत लिम्फोमाचं प्रमाण किंचित जास्त दिसलं हेही सांगायला हवं, पण मुळात तो आजार एवढा दुर्मिळ की किंचित वाढूनही आकडा अगदी छोटाच राहतो, आणि खूप तीव्र इसब असणाऱ्यांत लिम्फोमा तसाही थोडा जास्त आढळतो, त्यामुळे दोष मलमाचा की आजाराचा हे वेगळं काढणं अवघड. २०२३ मध्ये ११० अभ्यास आणि ३४ लाख पेशंटचा एकत्र हिशोब मांडला गेला, त्यातूनही या मलमांनी कॅन्सर वाढतो असं दिसलं नाही.

आपल्याकडची गोष्ट मात्र वेगळ्याच दिशेला गेली. इथे स्टेरॉइड क्रीम मेडिकलवाल्याकडे नुसतं खाज येते म्हटलं तरी मिळायचं, त्यात क्लोबेटासोल, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र घातलेल्या स्वस्त ट्यूबा, गजकर्णालाही तीच, इसबालाही तीच, गोरं व्हायलाही तीच. त्याने चेहऱ्याची जी वाट लागते त्याला भारतीय डॉक्टरांनी २००८ मध्ये वेगळं नावच दिलं, स्टेरॉइडने खराब झालेला चेहरा अशा अर्थाचं, आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या देशपातळीवरच्या संघटनेने बरीच वर्षं पाठपुरावा केल्यावर २०१८ मध्ये सरकारने १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर तरी. मग ज्या घरात चिठ्ठीशिवायची क्लोबेटासोलची ट्यूब दोन वर्षं गालावर बिनधास्त लागते त्याच घरात डॉक्टरांनी बघून, तपासून दिलेलं टॅक्रोलिमस भीतीपोटी पडून राहतं हे बघून खरंच जीव तुटतो.

पण सेफ म्हणजे कसंही लावा असं नाही, आणि वापरायचे नियमही याच इतिहासातून आलेत. २ वर्षांखालच्या बाळाला स्वतःहून लावायचं नाही, ते डॉक्टरांनी ठरवायचं. जिथे इसब आहे तिथेच, पातळ थर, साधारण दिवसातून दोनदा, आणि चट्टा गेला की बंद, सहा आठवड्यांत फरक नाही पडला तर परत दाखवायचं कारण कदाचित ते इसब नसेलच. वरून पट्टी किंवा प्लॅस्टिक गुंडाळायचं नाही, त्याने औषध जास्त आत जातं. नेदरटन सिंड्रोम नावाच्या दुर्मिळ आजारात कातडीचा अडसरच नसतो, तिथे मलमातूनही ट्रान्सप्लांटच्या पेशंटइतकं औषध रक्तात गेल्याचं २००१ मध्ये दिसलं होतं, म्हणून त्यांना हे देत नाहीत. जखम पिकलेली असेल, नागीण असेल किंवा अचानक वेदना देणारे पाण्याचे बारीक फोड एकगठ्ठा आले असतील तर लावायचं थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, इसबावर हर्पिस पसरणं ही इमर्जन्सी असते. त्या भागावर कडक ऊन नको, लाइटची ट्रीटमेंट चालू असेल तर आधी सांगायचं.

आणि आग होते, ती होतेच. पहिले काही दिवस, विशेषतः ०.१ टक्क्याने, खूप जणांना जळजळतं आणि लोक तिथेच सोडून देतात, ॲलर्जी आली म्हणतात. बहुतेक वेळा तसं नसतं, कातडी भरायला लागली की आठवडाभरात ही आग कमी होते. अंघोळीनंतर लगेच ओल्या अंगावर लावलं की जास्त झोंबतं म्हणून पूर्ण कोरडं झाल्यावर लावायचं, आणि युरोपातल्या लेबलप्रमाणे मॉइश्चरायझर आणि हे मलम यात दोन तासांचं अंतर ठेवायचं. काही मोठ्या माणसांना मलम चालू असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, घाबरू नका पण डॉक्टरांना सांगा. ज्यांचं इसब पुन्हा पुन्हा त्याच जागी येतं त्यांना बरं झाल्यावरही आठवड्यातून दोनदा त्याच जागी लावायला सांगतात, ही पद्धत युरोपात २००९ पासून मान्य आहे, पण ती डॉक्टरांनी सांगितली तरच.

यापुढची बिनस्टेरॉइड मलमंही आलीत. २०१६ मध्ये अमेरिकेत क्रिसाबोरोल मंजूर झालं, ते पीडीई-४ या वेगळ्याच एन्झाइमला अडवतं, त्यावर चौकट नाही पण झोंबतं तेही. २०२१ मध्ये जेएके नावाच्या एन्झाइमला अडवणारं रुक्सोलिटिनिब क्रीम आलं आणि त्याच्यावर पुन्हा काळी चौकट, गंभीर इन्फेक्शन, कॅन्सर, हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या. ही यादी प्रामुख्याने त्याच गटातल्या टोफासिटिनिबच्या गोळ्यांवरून आली, त्याही संधिवात असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या आणि आधीच हृदयविकाराचा धोका असलेल्या लोकांवरच्या ट्रायलमधून. तरी मोठ्या भागावर लावलं तर हे औषध रक्तात बऱ्यापैकी जातं, म्हणून अंगाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त भागावर लावू नका अशी मर्यादा घातली. २०२४ मध्ये इसबासाठी रोफ्लुमिलास्ट आणि टॅपिनारोफ अशी आणखी दोन क्रीम मंजूर झाली, दोन्हींवर चौकट नाही, पण दहा वर्षं हजारो मुलांवर लक्ष ठेवून झालेला अभ्यास यातल्या कुणाकडेच अजून नाही, तो टॅक्रोलिमस आणि पिमेक्रोलिमसकडे आहे.