‘डिड’ आलं की ‘गो’च का?

‘ही डिड नॉट वेंट’ हे वाक्य मराठी माध्यमाच्या जवळजवळ प्रत्येक वर्गात कधी ना कधी ऐकू येतं. शिक्षक ते लगेच दुरुस्त करतात : ‘डिड’ आलं की क्रियापदाचं पहिलं रूप. मुलं नियम पाठ करतात, परीक्षेत गुणही मिळवतात आणि बोलायला उभी राहिली की पुन्हा ‘डिड नॉट वेंट’ म्हणतात. यामागे ना आळस आहे, ना बुद्धीची कमतरता. ती मुलं मराठीचं व्याकरण अगदी चोख चालवत असतात.

‘तो गेला’चा नकार आपण ‘तो गेला नाही’ असा करतो. ‘गेला’ जागचा हलत नाही. ‘ती गेली नाही’, ‘ते गेले नाहीत’. भूतकाळ मूळ क्रियापदावर जसाच्या तसा राहतो, शिवाय ‘नाही’सुद्धा वचनाप्रमाणे बदलतं. प्रश्नाला तर काहीच खटपट नाही. शेवटी ‘का’ लावला की झालं. हे ज्याला बाळकडूतून मिळालंय, त्याने ‘वेंट’मधला भूतकाळ काढून घेऊन तो ‘डू’वर का चढवायचा? इंग्रजीचं उत्तर असं : काळाची खूण वाक्यात एकदाच होते. ‘डिड’ने ती घेतली की ‘गो’ मोकळा. ‘डज’ने ‘एस’ घेतला की ‘लाईक्स’चं ‘लाईक’ होतं. या जागी ‘डू’ला ‘करणे’ हा अर्थ मुळीच नसतो. काळाच्या प्रत्ययाला चिकटायला क्रियापद हाताशी नसलं, की तो प्रत्यय अंगावर घ्यायला ‘डू’ वाक्यात येतो, अशी मांडणी अमेरिकेचे भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी 1957 मध्ये केली. वर्गात ‘पहिलं रूप’ म्हणून जे घोकून घेतात, त्याच्यामागचं कारण हे आहे, आणि ते मुलांना सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

नकारासाठी आणि प्रश्नासाठी वेगळं क्रियापद आणून उभं करणं ही भाषांमध्ये सर्रास आढळणारी गोष्ट नाही. प्रमाण जर्मनला ते लागत नाही, फ्रेंचला लागत नाही. इंग्रजीलाही ते लागत नव्हतं.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नकाराचा शब्द ‘ने’ होता आणि तो क्रियापदाच्या आधी यायचा, आपल्या ‘न’सारखा. पुढे हा ‘ने’ उच्चारात इतका दुबळा झाला की त्याच्या जोडीला क्रियापदामागे ‘नॉट’ येऊ लागला. हा ‘नॉट’ मुळात ‘काहीही नाही’ अशा अर्थाचा. काही पिढ्या दोघं जोडीने नांदले, मग ‘ने’ गळून पडला आणि उरलं ‘आय से नॉट’. नकाराचा जुना शब्द झिजतो, आधाराला आलेला शब्द त्याची जागा घेतो, मग तोही झिजतो : हे चक्र डेन्मार्कचे भाषाशास्त्रज्ञ ओटो जेस्पर्सन यांनी 1917 मध्ये अनेक भाषांचे दाखले देऊन दाखवलं. प्रश्न तर त्याहून सोपा होता. क्रियापद उचलून कर्त्याच्या पुढे ठेवायचं : ‘केम ही?’

मग ‘डू’ आला. 1611 साली छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये त्याचं येणं एका वाक्यात दिसतं. रानातल्या फुलांबद्दल तिथे म्हटलंय, ‘दे टॉइल नॉट, नायदर डू दे स्पिन’, ती कष्ट करत नाहीत आणि सूतही कातत नाहीत. स्वल्पविरामाच्या अलीकडे जुनं व्याकरण, पलीकडे नवं. ‘हॅम्लेट’मध्येही तेच. राजपुत्र आईला ‘आय नो नॉट’ म्हणतो, तर पुढच्याच प्रवेशात ऑफेलिया वडिलांना ‘आय डू नॉट नो’ म्हणते. शेक्सपिअरच्या काळात दोन्ही रूपं एकाच माणसाच्या तोंडी सहज येत होती. वृत्तात एक मात्रा कमी पडली की कवींना ‘डू’ कामालाही येई.

या बदलाचं मोजमाप झालेलं आहे, आणि या सगळ्या कथेतला तो मला सर्वांत सुंदर भाग वाटतो. स्वीडनच्या अल्वार एलेगार्ड यांनी मध्ययुगाच्या अखेरीपासून पुढच्या काही शतकांची इंग्रजी पुस्तकं आणि पत्रं वाचून ‘डू’ असलेली आणि नसलेली वाक्यं एकेक करून मोजली आणि 1953 मध्ये ती आकडेवारी छापली. तेव्हा अशा कामाला संगणक हाताशी नव्हता. सगळं काम हाताने. त्यात दिसलं की ‘डू’ सगळीकडे एकदम शिरला नाही. नकारार्थी प्रश्नांत तो लवकर रुळला, साधे प्रश्न त्याच्या मागोमाग, आणि साधा नकार बराच मागे राहिला. साध्या होकारार्थी विधानांतसुद्धा तो घुसू पाहत होता. ‘आय डू लव्ह’ म्हणजे फक्त ‘मी प्रेम करतो’, कोणताही जोर न देता. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा विधानांतलं त्याचं प्रमाण साधारण दहात एकपर्यंत चढलं आणि मग उतरत गेलं. 1755 मध्ये सॅम्युअल जॉन्सन यांनी आपल्या शब्दकोशात हा प्रयोग सदोष ठरवला, तोवर तो मागे पडलाच होता. आज होकारात ‘डू’ आला तर तो ठासून सांगण्यासाठी येतो, म्हणजे आपला ‘च’ जे काम करतो त्यासाठी.

एलेगार्डचीच आकडेवारी 1989 मध्ये अमेरिकेतल्या अँथनी क्रॉक यांनी पुन्हा हाती घेतली. त्यांचा प्रश्न होता, वेगवेगळ्या प्रकारच्या वाक्यांत ‘डू’ वाढण्याचा वेग वेगवेगळा आहे का? आकडे पाहणाऱ्याला प्रथमदर्शनी तसंच वाटतं. प्रश्न पुढे, नकार मागे. पण क्रॉक यांनी गणित मांडलं तेव्हा दिसलं की सुरुवातीची पातळी वेगळी असली तरी चढण्याचा वेग सगळीकडे सारखाच आहे. याचा अर्थ असा, की बोलणाऱ्यांच्या डोक्यात पाच-सहा बदल होत नव्हते, एकच बदल होत होता आणि त्याच्या खुणा पाच-सहा ठिकाणी उमटत होत्या.

तो एक बदल कोणता? इंग्रजी क्रियापदाची उडी बंद झाली. ‘से नॉट’मध्ये ‘से’ हे ‘नॉट’ला ओलांडून पुढे काळाच्या जागी जाऊन बसत होतं, प्रश्नात तर आणखी पुढे, कर्त्यालाही मागे टाकून. क्रियापदांचे प्रत्यय एकेक करून झडत गेले तशी ही ओलांडण्याची ताकद गेली. क्रियापद ‘नॉट’च्या मागेच राहू लागलं, पुढे काळाची जागा रिकामी पडली, आणि तिथे ‘डू’ बसला. म्हणूनच ‘इज’, ‘कॅन’, ‘विल’ यांना आजही ‘डू’ लागत नाही : ‘इज ही?’, ‘कॅन यू?’ ही मूठभर क्रियापदं अजून उडी मारतात. ‘डज ही इज’ का चालत नाही, याचं कारण एवढंच.

पण रिकाम्या जागी नेमका ‘डू’च का? एक मत असं की वेल्श आणि कॉर्निश या शेजारच्या केल्टिक भाषांत ‘करणे’चं क्रियापद असं साहाय्यक म्हणून वापरतात, तिथूनच ही सवय इंग्रजीत आली. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात, म्हणजे कॉर्नवॉलच्या बाजूला, हा प्रयोग लवकर दिसतो, हे या मताच्या बाजूचं. विरोधकांचं म्हणणं असं की तो लिखाणात तेराव्या शतकात उगवतो, तोवर केल्टिक लोकांशी संबंध येऊन कित्येक शतकं लोटली होती. मला शेजाराचा परिणाम अशक्य वाटत नाही, पण तो अटळ होता असंही वाटत नाही. उत्तर इटलीतल्या मोन्नो या गावच्या बोलीत प्रश्न विचारताना अगदी ‘डू’सारखाच ‘करणे’चा आधार घेतात, आणि तिथे वेल्श माणूस नव्हता. ‘करणे’ हे क्रियापदच असं आहे की अर्थ सोडून द्यायला तयार असतं. मराठीत परका शब्द आला की आपणही त्याला ‘करणे’च जोडतो : फोन करणे, सेव्ह करणे, फॉरवर्ड करणे. अर्थ सगळा ‘फॉरवर्ड’मध्ये, काळ, लिंग, वचन ‘केला-केली-केलं’मध्ये.

‘डू’चं आपल्याशी याहून जुनं नातंही आहे. तो ज्या मुळातून आला, त्याच मुळातून संस्कृतचा ‘धा’ धातू आला, अर्थ ‘ठेवणे’. विधान, निधी, संधी, श्रद्धा या शब्दांत तो रोज आपल्या तोंडी असतो. ‘दधाति’मध्ये ‘ध’चं द्वित्व होतं, तसंच द्वित्व ‘डिड’मध्ये आहे, त्यातले दोन ‘ड’ तिथूनच आले. आणि ‘लव्ह्ड’, ‘वॉक्ड’ यांच्या शेवटी जो भूतकाळाचा ‘ड’ लागतो, तोही याच ‘डिड’चा झिजलेला अवशेष असावा असं अनेक अभ्यासक मानतात. ते खरं असेल तर हे क्रियापद इतिहासपूर्व काळात एकदा क्रियापदाच्या मागे चिकटून भूतकाळाचा प्रत्यय झालं, आणि पुढे हजारो वर्षांनी काळाचं तेच काम करायला पुन्हा क्रियापदाच्या पुढे येऊन उभं राहिलं.

सगळी क्रियापदं मात्र ‘डू’ला सारखी वश झाली नाहीत. ‘नो’ आणि ‘डाउट’ यांसारख्या काहींनी बराच काळ दाद दिली नाही. इतरत्र ‘डू नॉट’ रुळला तरी ‘आय नो नॉट’ चालूच राहिलं. वारंवार तोंडी येणारं रूप सवयीचं होऊन जातं आणि जुन्या व्याकरणासकट टिकतं. हीच सवय आता उलट्या बाजूने काम करते आहे. जोन बायबी आणि जोअ‍ॅन शाइबमन या भाषाशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये खऱ्याखुऱ्या संभाषणांतले ‘डोन्ट’ तपासले. तो सर्वांत जास्त कुठे झिजतो? आधी ‘आय’ आणि नंतर ‘नो’ असेल तिथे. ‘आय डू नॉट नो’चं ‘आय डोन्ट नो’ झालं, त्याचं ‘डोन्नो’, आणि घाईत तर ‘डू’ची एखादी अस्पष्ट ‘ड’ तेवढी ऐकू येते.