रात्र गेली, दुपार मिळाली: मैफलीच्या श्रोत्याची पार्श्वभूमी

डिसेंबर जवळ आला की पुण्यात एक तक्रार हमखास कानावर येते: आता पूर्वीसारखं सवाई, म्हणजे शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सव, राहिलं नाही. तक्रार करणारा बहुधा साठीच्या पुढचा असतो. नोकरी केली, मुलं मोठी केली, आणि या सगळ्यात मैफली कधी चुकवल्या नाहीत, अशा जातीचा माणूस. कोणी बँकेत होता, कोणी शाळेत मास्तर. महाराष्ट्रात अशी माणसं गावोगाव सापडतात, त्यामुळे आपल्याला त्यात नवल वाटत नाही. पण साध्या पगारदार माणसाने जन्मभर थोरामोठ्यांचं गाणं समोर बसून ऐकावं, ही सोय फार जुनी नाही. आणि ती ज्या वस्तूने वाढवली, त्याच वस्तूने पुढे तिचा अर्धा भाग काढूनही घेतला.

एकोणिसाव्या शतकात गाणं ऐकायचं तर आमंत्रण लागे. बडोदा, कोल्हापूर, सांगली, मिरज, इचलकरंजी अशा संस्थानांच्या पदरी गवई असत. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिले. इतरांना ऐकायला मिळे ते देवळात, उत्सवात किंवा एखाद्या सावकाराच्या दिवाणखान्यात दाराशी उभं राहून. घरंदाज बायकांना तर तेवढंही नाही. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज निघाला, कोल्हापुरात १८८३ मध्ये देवल क्लब सुरू झाला. तिथे वकील, मास्तर, कारकून वर्गणी काढून गाणं ऐकू लागले. वर्गणी ही मोठी गोष्ट होती: पैसे दिले की ऐकण्याचा हक्क आला, मग यजमानाची मर्जी राखायला नको.

याच सुमारास नाटक कंपन्यांनी गाण्याला तिकीट लावलं होतं, फक्त ते नाटकाचं तिकीट म्हणून. १८८० मध्ये किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि पुढची चार-पाच दशकं मराठी माणसाचा कान नाटकगृहात तयार झाला. वन्समोअर घेत घेत नाटक उत्तररात्रीपर्यंत चालायचं. रात्रभर गाण्याला बसायची सवय आपल्याला लागली ती इथे, असं माझं मत आहे. शास्त्रीय संगीताचे अभ्यासक नाटकाचं हे ऋण जरा हात आखडूनच मान्य करतात.

नाटकाशिवाय नुसत्या गाण्याला तिकीट लावण्याचं धाडस विष्णू दिगंबर पलुसकरांचं. १८९६ मध्ये मिरज सोडून ते बाहेर पडले आणि सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर कार्यक्रम केला. पुढे १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही बरंचसं अशा कार्यक्रमांच्या आणि देणग्यांच्या बळावर. गवयाने बाजारात बसावं का, अशी कुजबुज झालीच. पण खरी सरहद्द ओलांडली ती हिराबाई बडोदेकरांनी. अब्दुल करीम खाँसाहेबांची ही मुलगी १९२० च्या दशकात तिकिटाच्या जाहीर मैफली करू लागली. बाईने गायचं म्हणजे कोणाच्या तरी बैठकीत, ही समजूत त्यांच्या साध्या, घरगुती वावरापुढे टिकली नाही. त्यांना ऐकायला बायका उघडपणे येऊ लागल्या. आज मैफलीत निम्म्या बायका दिसतात, त्याची सुरुवात तिथे शोधावी लागते.

तिकीट आलं तरी सभागृह मोठं होत नव्हतं. ध्वनिक्षेपक नसताना गवयाचा आवाज जाईल तेवढीच मैफल. म्हणून नाटकातले गवई वरच्या पट्टीत गात. १९३० नंतर माइक हळूहळू रूढ झाला आणि दोन गोष्टी झाल्या. गाणं खालच्या पट्टीत, सावकाश, मंद्रात रेंगाळत गाता येऊ लागलं, आणि शे-दोनशेंच्या जागी हजारो माणसं ऐकू लागली. नेमके याच काळात संस्थानं गेली. गवयाचा आश्रय राजाकडून मांडवाकडे आला तो माइकच्या तारेवरून.

त्या मांडवांतला सर्वांत मोठा पुण्याचा. कुंदगोळचे रामचंद्र गणेश कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, हे अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य आणि गाजलेले नाटकातले नट. १२ सप्टेंबर १९५२ रोजी ते पुण्यात गेले. पुढच्या वर्षी, १९५३ मध्ये, शिष्यांनी पुण्यतिथी म्हणून गाण्याचा कार्यक्रम केला. भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर हे सगळे त्यांचे शिष्य, आणि सोबत त्यांचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे. सुरुवातीचा तो कार्यक्रम घरगुती म्हणावा इतका छोटा होता. भीमसेनजींनी पुढची कित्येक दशकं तो अंगावर घेतला. देशभरच्या कलावंतांना बोलावणं आणि शेवटी स्वतः गायला बसणं, दोन्ही त्यांच्याकडेच.

पुण्यतिथी सप्टेंबरातली, पण मैदानावरचा महोत्सव स्थिरावला डिसेंबरात. म्हणजे ऐन थंडी. रमणबाग शाळेच्या मैदानावर मागे खुर्च्या, पुढे भारतीय बैठक. बैठकीचं तिकीट स्वस्त, म्हणून दर्दी माणसं तिथेच. संध्याकाळी लवकर जाऊन सतरंजी अंथरायची, तिच्या टोकावर पिशवी ठेवायची, पिशवीत थर्मास, कानटोपी आणि शाल. सुरुवात सनईने. रात्री दोनच्या पुढे गारठ्याने तानपुरे सुरातून हलायचे. गवई मणी सरकवत, मान तिरकी करून एकेक तार लावत बसायचा आणि ती पाच मिनिटं कोणाला जड जायची नाहीत. उलट त्या जुळत्या सुरातच पुढचा राग ओळखायची पैज लागायची. शेवटच्या रात्रीची सांगता भीमसेनजींच्या गाण्याने. तोवर उजाडलेलं असायचं. मग सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रित भैरवी लागायची आणि सगळे ती ऐकूनच उठायचे.

या रात्रीला कायद्याचं बंधन आलं २००० साली. ध्वनिप्रदूषणाचे नियम फेब्रुवारीत जाहीर झाले: रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही. २००२ च्या दुरुस्तीने राज्य सरकारांना वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देण्याची मुभा मिळाली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं उचलून धरलं. नियम मुख्यतः भोंगे आणि मिरवणुकांच्या गोंगाटासाठी होता, पण कायद्याला दरबारी राग आणि डीजे यांतला फरक कळण्याचं कारण नाही. माइकने दिलेली गर्दी राहिली, माइकमुळेच रात्र गेली. जुने श्रोते अजून चिडतात. शेजारच्या इमारतीत परीक्षेचं पोर किंवा आजारी माणूस असतो हे त्यांना सांगून पाहावं, उत्तर मिळत नाही.

महोत्सवाने मग दिवस वाढवले आणि सत्रं दुपारकडे ओढली. यात एक फायदा झाला, ज्याबद्दल फार कोणी बोलत नाही. दुपारी तीन-चारला गाणं सुरू झालं की मुलतानी, भीमपलास, पटदीप, मधुवंती हे राग आपापल्या वेळेला समोर ऐकायला मिळतात. रात्रभराच्या मैफलीत यांना जागाच नव्हती. आमच्या पिढीने त्यांतले बरेचसे रेडिओवर ऐकले. २०१८ पासून महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला. पेठेतून चालत जाणारा श्रोता आता दुचाकी कुठे लावायची या विवंचनेत असतो, पण तो जातो.

पहाटेच्या रागांचीही सोय लागली. मुंबईत पंचम निषाद या संस्थेने ‘प्रातःस्वर’ ही सकाळची मालिका चालवली. ललत, भटियार ऐकायला माणसं रविवारी अंधारात घर सोडून येऊ लागली. अडचण उरते ती मधल्या वेळेची. मालकंस, दरबारी हे रात्रीचे राग आता दहाच्या आत घाईने उरकले जातात, आणि खऱ्या मध्यरात्रीनंतरचे राग मैदानावर ऐकूच येत नाहीत. नियमात बंद सभागृहाला आडकाठी नाही. पण रात्रभराचं भाडं, दारावरचा माणूस आणि पहाटे घरी परतायला वाहन यांचा हिशेब जमवणारी मंडळं थोडी. गावाकडे मंदिराच्या सभागृहात वर्गणी काढून अजून कोणी कोणी तो जमवतं.