पृष्ठवंशी प्राण्यांचे संशोधन, पुण्यातील

मासे, उभयचर, सरपटणारे प्राणी, पक्षी आणि सस्तन प्राणी या कणा असलेल्या प्राण्यांची शरीररचना, वर्गीकरण, भ्रूणविकास व क्रमविकास (उत्क्रांती) यांविषयी पुणे शहरात आणि जिल्ह्यात सुमारे दोनशे वर्षे होत आलेला अभ्यास.

पुण्याचा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. अशा पाषाणात हाडे टिकत नाहीत. विदर्भात पिसदुऱ्याला डायनोसॉरचे अवशेष मिळतात. मुंबईत वरळीला लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळातून इंडोबॅट्रेकस या चिमुकल्या बेडकाचे जीवाश्म निघाले. पुण्याला अशी ठेव लाभली नाही. त्यामुळे येथील अभ्यासकांनी क्रमविकासाचा माग काढला तो मुख्यतः जिवंत प्राण्यांवरून: नदीतले मासे, सड्यांवरचे (खडकाळ पठारांवरचे) बेडूक, माळावरचे लांडगे.

सुरुवात विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) या लष्करी अधिकाऱ्यापासून धरावी लागते. १८२४ ते १८३१ या काळात तो मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी गोळा करत होता. त्या फिरतीत दिसलेल्या प्राण्यांची त्याने शास्त्रीय वर्णने केली. भारतीय लांडगा (कॅनिस पॅलिपीस) आणि भीमाशंकरच्या शेकरूची उपजाती एल्फिन्स्टोनी ही दोन्ही नावे त्याने १८३१ मध्ये दिली. माशांवरचे त्याचे काम मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटावे, कारण १८३९ मध्ये नव्या जातींना नावे देताना त्याने स्थानिक लोकांच्या तोंडची नावेच लॅटिन साच्यात बसवली. खुद्री, कोळस, नुक्ता, शिंगटी, ताकरी ही नावे जगभरच्या मत्स्यशास्त्रात आजही त्याच्या स्पेलिंगनिशी वापरली जातात. रोहटी हे तर एका अख्ख्या प्रजातीचे, म्हणजे जातीच्या वरच्या गटाचे, नाव झाले. त्या कोळ्यांची, भोयांची नावे कुठे नोंदली गेली नाहीत, पण त्यांचे शब्द राहिले. तीच रीत पुढेही दिसते. २०१६ मध्ये पंखगळ्या सरड्यांच्या एका नव्या प्रजातीचे नाव ‘सरडा’ असे ठेवले गेले.

खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर. साइक्सला तो पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळाला. नदीचे नाव त्याने ‘मोटा मोला’ असे लिहिले आहे. एखाद्या जातीचे पहिले वर्णन जेथील नमुन्यावरून झाले ते तिचे मूलस्थान मानतात. पुढे कधीही ओळखीबद्दल शंका आली, की अभ्यासकाला तेथे परत जावे लागते. मुळा-मुठा अशा अनेक जातींचे मूलस्थान आहे आणि आज तीच नदी शहराचे सांडपाणी वाहते. ही हानी केवळ पुण्याची नाही. फ्रेझरने १९४२ मध्ये पुण्याच्या माशांची सविस्तर यादी प्रसिद्ध केली, टोणपी व मुल्हेरकर यांनी १९६३ मध्ये आणि वाघ व घाटे यांनी २००३ मध्ये पुन्हा नोंदी घेतल्या. जुन्या याद्या नव्या पाहणीशी ताडून पाहिल्या, की देशी जाती मागे हटताना आणि तिलापियासारखे परके मासे वाढताना दिसतात. खुद्रीची कथा मात्र उलट आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७० च्या दशकापासून टाटा वीज प्रकल्पाच्या केंद्रात त्याची पैदास होते. ही पिल्ले देशात इतरत्रही सोडली गेली, कावेरीतही. तेथे ती फोफावली आणि कावेरीचा स्वतःचा पाठीला उंचवटा असलेला महसीर नामशेष होण्याच्या वाटेवर आला. जवळच्या जातभाईंना वेगळे ठेवणाऱ्या नद्यांच्या सीमा माणसाने ओलांडल्या, की काय होते त्याचा हा ठळक दाखला.

उभयचरांत पहिला मान खंडाळ्याच्या देवगांडुळाचा. बिनपायाचा, मातीत राहणारा हा प्राणी इंडोटिफ्लस बॅटर्सबाय या नावाने टेलरने १९६० मध्ये वर्णिला. अलीकडे पुण्यातील संशोधकांनी, विशेषतः आनंद पाध्ये आणि नीलेश डहाणूकर यांनी, झेप घेणाऱ्या बेडकांच्या कुलावर मोठे काम केले. आंबोलीच्या जांभ्यावरचा इंडिराना चिरावासी त्यांनी २०१४ मध्ये सहकाऱ्यांसह नोंदवला. दोन वर्षांनी डीएनए, शरीरमापे व हाडांची रचना पाहून याच कुलातून वॉकेराना ही नवी प्रजाती वेगळी काढली. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे आकुर्डीचे केंद्र (स्थापना १९५९) अशा नमुन्यांचा संग्रह सांभाळते.

प्रयोगशाळेतील कामात आघारकर संशोधन संस्थेचे नाव घ्यावे लागते. येथे सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने हायड्रा या कणाहीन जलचरातील नॉगिन हे जनुक वेगळे केले. कणा असलेल्या प्राण्यांच्या भ्रूणात याच नावाचे जनुक पाठीकडची बाजू ठरवायला मदत करते. हायड्राच्या नॉगिनचा संदेशवाहक आरएनए झेनोपस बेडकाच्या भ्रूणात टोचला, तेव्हा भ्रूणात शरीराचा दुसरा अक्ष (डोक्यापासून मागे जाणारी मुख्य रेषा) उभा राहिला. हे संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन वंशांना एकच रेणू अजून ‘कळतो’, याचा इतका सरळ पुरावा क्वचितच हाती येतो. भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत (आयसर, स्थापना २००६) झेब्रा फिंच पक्ष्यांच्या गाण्यामागील मेंदूच्या कार्याचा अभ्यास होतो.

हाडांचा अभ्यास पुण्यात झाला तो पुरातत्त्वाच्या अंगाने. डेक्कन कॉलेजने शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीत गाईबैल, म्हैस, शेळी-मेंढी आणि कुत्रा यांची हाडे मिळाली. घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेल्या मुलांचे सांगाडेही सापडले. सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाक्स यांनी त्यांच्या दुधाच्या दातांवरील दोषांतून बालपणीच्या उपासमारीचा व आजारपणाचा मागोवा घेतला.

साइक्सच्या लांडग्याकडे आता जनुकशास्त्र वळले आहे. २०२१ मधील जनुकसंचाच्या अभ्यासात भारतीय लांडगा हा जगातील लांडग्यांच्या अतिप्राचीन शाखांपैकी एक ठरला. पुणे जिल्ह्याच्या माळरानावर त्याच्या वाटा आता वस्त्या, रस्ते आणि भटकी कुत्री यांच्यातून जातात. पुण्याजवळ आढळलेला एक फिकट अंगाचा प्राणी लांडगा व कुत्रा यांचा संकर असल्याचे २०२३ मध्ये त्याच्या जनुकसंचावरून सिद्ध झाले.