कसाव्याची पाने, कंपालाची हवा: मकेरेरे विद्यापीठातील २०१९ हे वर्ष

युगांडाची राजधानी कंपाला टेकड्यांवर वसलेली आहे. त्यातल्या एका टेकडीवर १९२२ साली सुरू झालेल्या तांत्रिक शाळेचे पुढे मकेरेरे विद्यापीठ झाले. या विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत २०१९ साली जे काम चालू होते, ते समजून घेण्यासारखे आहे, कारण तिथल्या संशोधकांनी प्रश्न निवडले ते आसपासच्या शेतांतून, दवाखान्यांतून आणि रस्त्यांवरून. अशा प्रश्नांवर काम करताना गणिती पद्धतीपेक्षा विश्वासार्ह माहिती गोळा करणे कितीतरी अवघड असते, हे या वर्षाच्या कामातून फार स्पष्टपणे दिसते.

यातले सर्वांत मोठे काम कसाव्याचे. आपण उपवासाला खातो तो साबुदाणा याच झाडाच्या कंदापासून, मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलम भागात तयार होतो. आपल्यासाठी तो अधूनमधून खाण्याचा पदार्थ असला, तरी युगांडातल्या लाखो कुटुंबांचे पोट कसाव्यावर चालते. निकृष्ट जमिनीत आणि कमी पावसातही तो तग धरतो, कंद जमिनीत ठेवून लागेल तसे काढता येतात, आणि नव्या लागवडीसाठी बियाण्याऐवजी खोडाचे तुकडे लावले जातात. मात्र ही शेवटची सोय रोगाच्याही पथ्यावर पडते, कारण रोगट झाडाचे खोड शेजाऱ्याला दिले की रोगही त्याच्या शेतात पोहोचतो.

कसाव्याचे दोन विषाणुजन्य रोग विशेष घातक आहेत. मोझॅक रोगात पानांवर पिवळे-हिरवे चट्टे उमटतात आणि पाने वेडीवाकडी, आखडलेली होतात. भेंडीवरचा केवडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चित्र सहज डोळ्यांपुढे आणता येईल, आणि दोन्ही रोगांचा प्रसार पांढरी माशीच करते. दुसरा रोग तपकिरी रेषांचा, आणि तो अधिक फसवा आहे. त्यात पानांच्या शिरांलगत पिवळेपणा येतो, पण तो बहुधा खालच्या, जून झालेल्या पानांवर असतो. झाडाचा शेंडा हिरवागार, तजेलदार दिसत राहतो आणि जमिनीखाली कंद आतून तपकिरी, कडक, खाण्यास निरुपयोगी होत जातो. अनेक शेतकऱ्यांना नुकसान कळते ते कंद उपटून कापल्यावरच.

या रोगांवर लक्ष ठेवण्यासाठी नामुलोंगे येथील राष्ट्रीय पीक संशोधन संस्थेचे तज्ज्ञ देशभर पाहणी करतात. शेतात शिरायचे, ठरावीक झाडे निवडायची, प्रत्येक झाडाला रोगाच्या तीव्रतेनुसार १ ते ५ असा गुण द्यायचा, शेंड्याकडची पाने हलकेच उलटून त्यांच्या खालच्या बाजूच्या पांढऱ्या माश्या मोजायच्या आणि कंद कापून पाहायचे, अशी ही पद्धत. काम कष्टाचे आणि खर्चाचे, तज्ज्ञ मोजके, आणि दोन तज्ज्ञांनी एकाच झाडाला दिलेले गुण सारखे असतीलच याचीही खात्री नसते. मकेरेरेतील अर्नेस्ट म्वेबाझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्याने करता येईल का, या प्रश्नावर अनेक वर्षे काम केले. त्यांच्या प्रयोगशाळेने पानांवरचे रोग ओळखण्याबरोबरच पांढऱ्या माश्यांची मोजणी संगणकाकडून करून घेण्याचाही प्रयत्न केला.

२०१९ साली या कामाचा एक भाग जगापुढे आला. शेतकऱ्यांनी आपापल्या शेतांत काढलेली आणि नामुलोंगेच्या तज्ज्ञांनी रोगानुसार वर्गवारी करून दिलेली ९,४०० हून अधिक छायाचित्रे, आणि त्याशिवाय वर्गवारी न केलेली १२,५९५ छायाचित्रे, एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी खुली करण्यात आली. छायाचित्र पाहून पान निरोगी आहे की चारपैकी एखाद्या रोगाने किंवा किडीने ग्रासले आहे, हे ओळखणारे मॉडेल, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय प्रणाली, स्पर्धकांनी तयार करायचे होते.

या संग्रहातले आकडे जरा निरखून पाहावेत. मॉडेलला शिकवण्यासाठी दिलेल्या ५,६५६ छायाचित्रांपैकी २,६५८ मोझॅक रोगाची होती, १,४४३ तपकिरी रेषांच्या रोगाची, ७७३ हिरव्या कोळी किडीची, ४६६ जिवाणुजन्य करप्याची, आणि निरोगी पानांची अवघी ३१६. याचा अर्थ असा की काहीही न शिकता प्रत्येक पानाला डोळे झाकून ‘मोझॅक’ म्हणणारे मॉडेलसुद्धा ४७ टक्के वेळा बरोबर ठरले असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर हे प्रमाण स्वाभाविकच आहे, कारण चांगल्या झाडाचे छायाचित्र कोण कशाला काढेल? पण संगणक निरोगी आणि रोगट यांतला फरक उदाहरणांवरूनच शिकतो, आणि ज्या गोष्टीची उदाहरणे कमी, तिथे त्याच्या चुका अधिक. अशा वेळी कमी उदाहरणे असलेल्या वर्गाला शिकवताना अधिक वजन द्यावे लागते, आणि यश मोजताना एकूण टक्केवारीवर विसंबून न राहता प्रत्येक रोगासाठी मॉडेल किती चुकते ते वेगळे पाहावे लागते.

छायाचित्रांतही अडचणी होत्या. भर उन्हात काढलेल्या चित्रात पानावरची चमक आणि रोगाचा पिवळेपणा यांची गल्लत होते. कोळी किडीने पडलेले बारीक पिवळे ठिपके आणि सौम्य मोझॅक यांतला फरक तज्ज्ञालाही थबकून पाहावा लागतो. एकाच झाडाला दोन रोग असू शकतात, पण चित्राला नाव एकच दिलेले असते. आणि तपकिरी रेषांचा रोग खालच्या पानांवर दिसत असल्यामुळे, शेतकऱ्याने शेंड्याचे छायाचित्र काढले तर त्यात रोगाची खूणच नसते; कितीही हुशार मॉडेल असले तरी जे चित्रात नाही ते त्याला कसे दिसणार? माझ्या मते या सगळ्या कामातला हा सर्वांत मोलाचा धडा आहे, आणि तो आपल्याकडच्या पीकरोग ओळखणाऱ्या अ‍ॅपनाही तितकाच लागू पडतो.

याच मर्यादेमुळे गोडलिव्हर ओवोमुगिशा, म्वेबाझे, जॉन क्विन आणि नेदरलँड्समधील त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी वाट चोखाळून पाहिली होती. पानावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात निरनिराळ्या तरंगलांबींचे प्रमाण किती आहे, हे वर्णपटमापकाने मोजायचे. रोगामुळे पानातील हरितद्रव्य आणि इतर रसायने बदलू लागली की हे प्रमाणही बदलते, आणि तो बदल डोळ्यांना खुणा दिसण्याआधीच पकडता यावा, ही त्यामागची कल्पना. तसे झाले तर रोगट खोडे पुढच्या लागवडीत जाण्यापूर्वीच वेगळी काढता येतील.

कसाव्याइतक्या विस्ताराने नाही, पण मलेरियाच्या कामाचाही उल्लेख करायला हवा. मलेरियाच्या खात्रीशीर निदानासाठी रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी शोधावे लागतात. युगांडात अनेक ठिकाणी सूक्ष्मदर्शक असतो, पण त्यातून पाहणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ नसतो, किंवा एकट्यावर इतक्या काचपट्ट्यांचा भार असतो की त्याची नजर थकते. क्विन, रोझ नाकासी आणि इतरांनी त्रिमितीय छपाईने एक जोडपट्टी तयार केली. ती वापरून मोबाइल सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेवर बसतो, आणि त्याने टिपलेल्या चित्रात परजीवी असण्याची शक्यता असलेल्या जागा मॉडेल दाखवून देते. हाच मार्ग त्यांनी क्षयाच्या जिवाणूंसाठी आणि आतड्यांतील कृमींच्या अंड्यांसाठीही वापरून पाहिला.

मे २०१९ मध्ये मकेरेरेच्या आणखी एका प्रकल्पाला मोठे पाठबळ मिळाले. गूगलने सामाजिक उपयोगाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रकल्पांसाठी अर्ज मागवले होते. २,६०० हून अधिक अर्जांतून जे २० निवडले गेले, त्यांत एंजिनियर बायनोमुगिशा यांच्या नेतृत्वाखालील ‘एअरक्यूओ’ हा हवेच्या प्रदूषणाचा प्रकल्प होता. (एंजिनियर ही त्यांची पदवी नसून नावच आहे.) कच्च्या रस्त्यांची धूळ, जुन्या गाड्यांचा धूर, उघड्यावर जाळला जाणारा कचरा आणि कोळशाच्या चुली यांमुळे कंपालाची हवा खराब होते हे सर्वांना दिसत होते, परंतु कुठे, कधी आणि किती, हे सांगणारी प्रमाणित यंत्रे इतकी महाग की शहरभर बसवणे अशक्य होते.

एअरक्यूओच्या चमूने स्वस्त उपकरणे तिथेच तयार केली. त्यांच्यात एक लेझर किरण हवेतून जातो आणि अडीच मायक्रोमीटरहून लहान कणांनी विखुरलेल्या प्रकाशावरून त्यांचे प्रमाण काढले जाते. मोजमाप मोबाइल नेटवर्कवरून पाठवले जाते. काही उपकरणे इमारतींवर आणि खांबांवर, तर काही ‘बोडा बोडा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाड्याच्या मोटरसायकलींवर बसवली गेली, कारण हे चालक दिवसभर शहराच्या कानाकोपऱ्यांत फिरत असतात. स्वस्त उपकरणाची अडचण अशी की हवा दमट असली की कण पाणी शोषून फुगतात आणि उपकरण प्रमाणाबाहेर आकडे दाखवते. म्हणून असे उपकरण काही काळ प्रमाणित यंत्राशेजारी ठेवतात. तापमान, आर्द्रता आणि दोन्हींच्या आकड्यांतला फरक यांचे नाते मॉडेल शिकते, आणि नंतर दूरच्या उपकरणांचे आकडे त्यानुसार दुरुस्त केले जातात. या प्रकल्पात कृत्रिम बुद्धिमत्तेचा हा उपयोग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो: यंत्र बोलते ते खरे किती, हे आधी ठरवणे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘डीप लर्निंग इंदाबा’ हा आफ्रिकेतील कृत्रिम बुद्धिमत्ता संशोधकांचा वार्षिक मेळावा नैरोबीतील केन्याटा विद्यापीठात भरला. त्याचे महत्त्व डिसेंबरमध्ये पुन्हा कळले. या क्षेत्रातील सर्वांत मोठी परिषद कॅनडातील व्हँकुव्हर येथे होती, आणि आदल्या वर्षीप्रमाणेच तेव्हाही अनेक आफ्रिकी संशोधकांना व्हिसा नाकारला गेला. आपला शोधनिबंध स्वीकारला जावा आणि तो मांडायला मात्र जाता येऊ नये, हा अन्याय आहे. ज्यांच्या प्रश्नांवर काम करायचे तेच चर्चेत नसतील, तर त्यात विज्ञानाचेही नुकसान आहे.

मकेरेरेचे काम त्यानंतर वाढत गेले. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये कसाव्याच्या २१,००० हून अधिक छायाचित्रांवर दुसरी स्पर्धा सुरू झाली, तिच्यात साडेतीन हजारांहून अधिक संघ उतरले, आणि तरीही विजेत्यांची अचूकता ९१ टक्क्यांच्या थोडीशीच पुढे गेली. चित्रांना दिलेली रोगांची नावेच काही ठिकाणी चुकीची असावीत, असे अनेक स्पर्धकांचे म्हणणे होते. त्यानंतर प्रयोगशाळेने टांझानिया, घाना आणि नामिबियातील सहकाऱ्यांबरोबर कसावा, मका, घेवडा, केळी, बाजरी आणि कोको या पिकांच्या रोगांचे नवे, खुले चित्रसंग्रह उभारण्याचे काम हाती घेतले, आणि छायाचित्रांच्या जोडीला या वेळी वर्णपटमापकाची मोजमापेही नोंदवण्याचे ठरवले.