दुसऱ्याच्या धुराबद्दल बोलायचं कुणी? सार्वजनिक धूम्रपानबंदीची पार्श्वभूमी

एसटी स्टँडवर, कचेरीच्या जिन्यात किंवा रेल्वेच्या डब्यात दाराशी कुणी सिगारेट पेटवली की शेजारचा माणूस कोंडीत सापडतो. बोलावं तर भांडण, गप्प बसावं तर धूर. बरेच जण गप्प बसतात. कायद्याने या माणसाला आजवर किती साथ दिली हे पाहायचं तर सुरुवात रेल्वेपासून करावी लागते. अनोळखी माणसांना तासन्‌तास एका बंद डब्यात बसवण्याची वेळ आपल्याकडे पहिल्यांदा रेल्वेनेच आणली.

१८९०च्या भारतीय रेल्वे कायद्याच्या ११०व्या कलमात धूम्रपानाची तरतूद होती. डब्यातल्या सहप्रवाशांच्या संमतीशिवाय कुणी ओढलं, तर वीस रुपयांपर्यंत दंड. धूम्रपानासाठी राखलेला डबा तेवढा याला अपवाद. रेल्वे कर्मचाऱ्याने ताकीद देऊनही न ऐकणाऱ्याला डब्यातून उतरवता येत असे. त्या काळचे वीस रुपये म्हणजे साध्या मजुराची कित्येक दिवसांची मजुरी. कायदा इंग्रजांचा होता आणि पुस्तकातच राहिला असेल, पण त्याची मांडणी पाहण्यासारखी आहे: ओढणाऱ्याने आधी विचारायचं.

जवळजवळ शंभर वर्षांनी, १९८९मध्ये, नवा रेल्वे कायदा आला. त्याच्या १६७व्या कलमानुसार दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली, तर डब्यात ओढायचं नाही. दंड शंभर रुपयांपर्यंत. एखाद्या गाडीत सरसकट बंदी घालण्याची मुभा रेल्वेला दिली होती, हे खरं. पण मूळ नियमात आता विचारण्याची जबाबदारी ओढणाऱ्यावर उरली नाही, ती त्रास होणाऱ्याच्या गळ्यात पडली. मांडीवर लेकरू घेऊन बसलेल्या बाईने चार बाप्यांपुढे तोंड उघडायचं, तेव्हा कुठे कायदा जागा होणार. मला हे सरळसरळ मागे गेलेलं पाऊल वाटतं. तेही अशा काळात, जेव्हा धुराबद्दलची माहिती आधीपेक्षा कितीतरी पक्की झाली होती.

ती माहिती मुख्यतः १९८०च्या दशकातली. जपानमधले साथरोगतज्ज्ञ ताकेशी हिरायामा यांनी स्वतः कधीही सिगारेट न ओढलेल्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षांची माहिती तपासली आणि १९८१मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांचे नवरे भरपूर सिगारेटी ओढत, त्या बायकांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं. तंबाखू कंपन्यांनी या अभ्यासावर झोड उठवली. पण १९८६मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याचा, अहवालही त्याच निष्कर्षाला आला. तोवर धूर म्हणजे वास, खोकला, डोळ्यांची जळजळ एवढंच समजलं जाई. आता तो न ओढणाऱ्याच्या जिवावरचा प्रश्न ठरला.

आपल्याकडे सिगारेटच्या पाकिटावर वैधानिक इशारा १९७५च्या कायद्याने आला होता. पण तो ओढणाऱ्याला सावध करणारा. शेजारी बसलेल्याचा त्यात विचारच नव्हता. तो पहिल्यांदा नीट दिसतो १९९०च्या केंद्र सरकारच्या आदेशात. रुग्णालयं, शिक्षणसंस्था, देशांतर्गत विमानं, वातानुकूलित डबे अशा काही ठिकाणी धूम्रपान बंद झालं. दिल्लीने १९९६मध्ये स्वतंत्र कायदा केला. गोव्याने १९९७मध्ये धूम्रपान आणि थुंकणं या दोहोंविरुद्ध एकच कायदा आणला, आणि पिचकाऱ्या व थोटकं एकाच कोपऱ्यात पाहिलेल्या माणसाला ही जोडी अगदी पटेल.

खरी कलाटणी न्यायालयांनी दिली. १२ जुलै १९९९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणचं धूम्रपान हा सार्वजनिक उपद्रव आहे, असा निकाल दिला. या निकालाने नवा कायदा मागितला नाही. १८६०च्या भारतीय दंड संहितेत २६८वं कलम उपद्रवाबद्दल आणि २७८वं कलम हवा आरोग्याला घातक करण्याबद्दल होतंच. न्यायालयाने ती कलमं धुराला लावली. एवढी वर्षं हे हत्यार हाताशी असून कुणी उचललं नव्हतं.

त्याच वर्षी मुंबईतून मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले. मुंबईचे माजी महापौर आणि दक्षिण मुंबईचे अनेक वर्षं खासदार राहिलेले देवरा पक्षाच्या राजकारणासाठी जास्त ओळखले जातात. माझ्या लेखी मात्र ही जनहित याचिका त्यांचं सगळ्यात टिकाऊ काम आहे. २ नोव्हेंबर २००१ रोजी न्या. एम. बी. शाह आणि न्या. आर. पी. सेठी यांच्या खंडपीठाने सभागृहं, रुग्णालयं, शिक्षणसंस्था, ग्रंथालयं, न्यायालयं, सार्वजनिक कचेऱ्या आणि रेल्वेसह सर्व सार्वजनिक वाहनं यांत धूम्रपानाला देशभर बंदी घातली. आधार घटनेच्या २१व्या कलमाचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा. केवळ सार्वजनिक ठिकाणी जावं लागतं म्हणून न ओढणाऱ्याने आजार का ओढवून घ्यायचे, हा न्यायालयाचा रोकडा सवाल होता. आता ना संमतीची गरज उरली, ना हरकतीची.

२००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने ही बंदी चौथ्या कलमात आणली आणि १ मे २००४पासून ती लागू झाली. अंमलबजावणीला दात आले ते २ ऑक्टोबर २००८च्या नियमांमुळे. तेव्हा अंबुमणी रामदास आरोग्यमंत्री होते. मॉल, सिनेमागृहं आणि कामाच्या जागा स्पष्टपणे बंदीखाली आल्या. रेल्वे स्टेशन आणि बसथांबा ‘मोकळी जागा’ म्हणून सुटण्याची पळवाटही बुजली. रस्त्यावरची टपरी मात्र सुटली, ती आजही सुटलेलीच आहे.

या नियमांतला फलक जवळून वाचण्यासारखा आहे. आकार किमान साठ बाय तीस सेंटिमीटर. येथे धूम्रपान करणं गुन्हा आहे, हे वाक्य त्यावर सगळीकडे दिसतं. पण तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचं नावही लावायला हवं, असं नियम सांगतो. आलेल्या तक्रारीवर त्या जागेच्या मालकाने किंवा व्यवस्थापकाने काही केलं नाही, तर जितके गुन्हे तितका दंड त्याच्याकडूनही घ्यायचा. आत राखदाणी, काडेपेटी, लायटर ठेवायचं नाही. दंड घेण्याचा अधिकार पोलिसांबरोबरच स्टेशनमास्तर, मुख्याध्यापक, पोस्टमास्तर, ग्रंथपाल अशांनाही दिला आहे. थोडक्यात, शेजाऱ्याशी हुज्जत घालायची गरजच नाही. जागा ज्याच्या ताब्यात त्याला गाठायचं. मी पाहिलेल्या बहुतेक फलकांवर मात्र नावाची ओळ कोरीच असते, आणि ती कोरी राहिली की सगळं ओझं परत ‘अहो, जरा बाहेर जाऊन ओढा’ म्हणणाऱ्यावर येतं.

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाचे भारतातले आकडेही हेच दाखवतात. २००९-१० ते २०१६-१७ या काळात घरात दुसऱ्याचा धूर सोसणाऱ्या प्रौढांचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर आलं. घराला तर कायदा लागूच नाही. जिथे लागू आहे त्या बंदिस्त कामाच्या जागी ते तीस टक्क्यांच्या आसपासच राहिलं. घरात बायको, सून, नातवंडं ठणकावून सांगू शकतात. साहेबाला कोण सांगणार?

२०२१च्या सुरुवातीला केंद्राने दुरुस्तीचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता. त्यात दंड दोनशेवरून दोन हजार होता आणि मोठी हॉटेलं व विमानतळांमधले धूम्रपान कक्ष बंद करायचे होते. तो मसुदा तिथेच अडकला. कक्ष बंद व्हायलाच हवेत. दंडाबद्दल माझा आग्रह वेगळा आहे: ओढणाऱ्याचा दंड वाढवण्याआधी व्यवस्थापकाचा, जो २००८पासून कागदावर आहे, तो वसूल करायला लागा.